भुसा पकडणारे काका

आईच्या खुर्चीचा पाय मोडला, तेव्हा शेजाऱ्यांनी मला कोपरी भागातल्या एका काकांकडे पाठवलं. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कारखान्यातून निवृत्त झालेले काका तळमजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत सुतारकाम करायचे. मी गेलो तेव्हा करवत चालू होती, पण जमीन पुसल्यासारखी स्वच्छ.

"काका, भुसा जातो कुठे?"

त्यांनी हातातलं काम लगेच सोडलं आणि निळ्या ड्रमवर बसवलेला पत्र्याचा शंकू दाखवला. "करवतीला जोडलेला व्हॅक्युम क्लीनर भुशासकट हवा खेचतो. ती कडेने आत शिरते आणि गोल फिरते. भुसा जड, तो पत्र्याला घासत खाली ड्रममध्ये पडतो. हवा मधून वर जाते, उरलेली बारीक धूळ फिल्टर अडवतो." सांगताना त्यांचं बोट हवेत गरगर फिरत होतं.

काकूंना दमा होता. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितल्यावर काकांनी हत्यारं दोन वर्षं पेटीत ठेवली. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुम्ही असे गप्प बसता ते बघवत नाही मला." मग काकांनी हे बनवायला घेतलं. पहिले तीन शंकू वाया गेले.

"लाकूड सुटत नव्हतं, आणि हिला जपायचंही होतं," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. काका त्या बोटाकडे बघत उभे.

"बरं आहे," असं म्हणून काकू स्टूल ओढून तिथेच बसल्या.