पहिली काच बरी की दुसरी?

आमच्या गल्लीतल्या चष्मेवालीचा खाक्या असा, की नुसतं ‘बरं आहे’ म्हटलेलं तिला चालत नाही. गिऱ्हाईक उंच खुर्चीत बसलं, नाकावर ती जड चौकट चढली, की ही काच बदलते आणि विचारते, “पहिली बरी की दुसरी?” पुन्हा बदलते, पुन्हा तेच. बिचारं गिऱ्हाईक थकतं आणि भिडेखातर म्हणतं, “दुसरी, दुसरी.” मग ही फटकारते, “मला खूश करायला सांगू नका. दिसतं ते सांगा.”

सख्ख्या सासूलाही तिनं त्या खुर्चीत असंच झापलं होतं. सासूबाई फुगून बसल्या. पण चष्मा असा फक्कड लागला की समोरच्या गॅलरीत कोण कुणाशी कुजबुजतंय ते घरबसल्या दिसायला लागलं, आणि राग आपसूक उतरला. नवरा मागच्या खोलीत काचा घासतो. यंत्राच्या घरघरीत आपल्याला काही ऐकू येत नाही, असं तो सांगतो. संसार सुखाचा होण्याचं गुपित तेच असावं.

तर या चष्मेवालीला पहिल्यांदाच दिवस गेले. नववा लागला आणि तपासणीत कळलं, बाळ उलटं आहे. डोकं वर, बूड खाली, हलायचं नाव नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तारीख ठरवून सिझेरियन करता येईल. नाहीतर आधी पोटावरून हातानं दाबून बाळ फिरवून बघू. फिरलं तर नेहमीसारखं बाळंतपण होऊ शकतं. पायाळू बाळंतपणही काही ठिकाणी करतात, पण त्याला सरावलेला हात लागतो. तसा आमच्याकडे कुणी नाही.”

‘पायाळू’ शब्द ऐकला आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचं पहिलं मूल पायांकडून आलं होतं. डोकं अडकलं आणि ते मूल रडलंच नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे.

“सिझेरियन,” सासूबाई म्हणाल्या. “फिरवाफिरवी नको.”

सून मात्र खुर्चीत ताठ बसली. “बाई, फिरवलेल्या आणि न फिरवलेल्या बायका कुणी शेजारी ठेवून पाहिल्यात का?”

“पाहिल्यात. कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. फिरवायला घेतलेल्यांत सिझेरियन कमी झाली. बाळांना त्यामुळे जास्त त्रास झाल्याचं दिसलं नाही. पण फिरतात साधारण निम्मी, पहिलटकरणीची त्याहून कमी. आणि दोनशेत एखादीचं तिथल्या तिथे ऑपरेशन करावं लागतं. म्हणून आम्ही ते ऑपरेशनच्या खोलीला लागूनच करतो.”

“आणि सिझेरियन झालं तर पुढच्या खेपेला?”

“जुने टाके उसवायची जोखीम राहते. लहान असते, पण राहते.”

चष्मेवालीला दोन मुलं हवी होती. ती विचार करते म्हणाली.

घरी येईपर्यंत शेजारच्या काकूंना खबर लागलेली. काकू म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र, सकाळ-संध्याकाळ दोन्ही आवृत्त्या. “अगो बाई, फिरवायचं? माझ्या जावेच्या बहिणीचं फिरवायला गेले नि काय धावपळ झाली!”

“काकू, ज्याला चष्मा छान लागतो तो दुकानात सांगायला येतो का? येतो तो डोकं दुखतंय म्हणणारा. नुसतं त्याचं ऐकलं तर मी उद्या शटर ओढून घरी बसेन.”

“तुझ्या तोंडाला कोण लागणार!” काकू म्हणाल्या आणि चहाला थांबल्या.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या रात्री जेवल्याही नाहीत. सुनेनं ठरवलं, बाळ फिरवून बघायचं. नवऱ्यानं यंत्र बंद केलं, सगळं ऐकलं आणि मान हलवली.

ठरल्या दिवशी आत एकालाच सोडणार होते. नवऱ्यानं पलंगाशेजारची हत्यारांची ताटली पाहिली मात्र, त्याला बाहेर बाकावर बसवून पाणी पाजावं लागलं. मग आत गेल्या सासूबाई, ज्यांना हे नकोच होतं त्याच.

गर्भाशय सैल पडावं म्हणून सुनेला इंजेक्शन दिलं. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, घोडा दौडत असल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात रोवले. पोटाचा आकार बदलला, बाळ आडवं आलं, आणि निसटून पुन्हा जागच्या जागी गेलं.

“सहन होतंय ना?”

“हो, करा, करा.”

पुन्हा हात रोवले. सुनेनं चादर मुठीत आवळली. बाळ थोडं सरकलं, आणि घोडा लंगडायला लागला. ठोके मंदावले. डॉक्टरीणबाईंनी झटकन हात उचलले. नर्सनं दाराकडे पाहिलं, पलीकडे ऑपरेशनची खोली होती. सासूबाई त्या यंत्राकडे अशा बघत होत्या, की नजरेनंच त्याला ढकलतायत.

घोडा पुन्हा दौडू लागला.

“असं होतं कधी कधी. आता ठोके ठीक आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अजून एकदा बघता येईल, किंवा थांबू. तुम्ही सांगा.”

“करा ना. तुम्ही एवढे कष्ट घेताय...”

“सूनबाई,” सासूबाई एकदम म्हणाल्या, “बाईंना खूश करायला सांगू नकोस. काय होतंय ते सांग.”

चष्मेवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “दुखतंय. फार दुखतंय. आणि आता भीती वाटतेय.”

आता सासूबाई ‘थांबा’ म्हणणार, असं नर्सलाही वाटलं. शब्द ओठांवर आलाच होता. पण त्यांनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. “मी काही बोलणार नाही. पहिली की दुसरी, ते तूच सांग.”

सुनेनं डोळे मिटले. ठोके ऐकत राहिली. मग म्हणाली, “थांबा. सिझेरियन करू.”

ठरलेल्या तारखेला ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर सासूबाई पदराचं टोक चावत बसल्या होत्या. आतून रडणं ऐकू आलं आणि त्या अशा रडल्या, की नवऱ्याला कळेना, आधी सावरायचं कुणाला. मुलगी झाली. आली तीही बूड पुढे करूनच.

बारशाचं निमंत्रण नसतानाही काकू हजर. “बघा! एवढा अभ्यास केला, शेवटी ऑपरेशनच ना?”

“निम्म्यांची फिरतात म्हटलं की निम्म्यांची नाही फिरत,” सासूबाई म्हणाल्या. “त्या निम्म्या काय आभाळातून येतात? आम्हीच त्या.”

“मग उपयोग काय त्या विचारण्याचा?”

सासूबाईंनी नातीचं दुपटं नीट केलं. “माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं गं.”

काकूंनी वाकून बाळाच्या गालाला हात लावला. आणि गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदाच एक बातमी त्यांनी दारापलीकडे नेली नाही.