रंग जातो का

आरतीला कापूर पेटवला की मला ड्रेस्डेनमधलं आमचं विद्यार्थ्यांचं सामायिक स्वयंपाकघर आठवतं. आई महिनाभर राहून पुण्याला परत निघाली होती, आणि माझ्याबरोबर राहणाऱ्या जपानी मित्रानं तिला एक लाकडी डबी दिली, त्याच्या वडिलांनी घडवलेली. पिवळ्या, तांबूस, काळसर लाकडांची बारीक नक्षी आणि चक्क कापराचा वास. आईनं ती हुंगली, ओढणीचं टोक नळाखाली भिजवलं आणि डबीचा कोपरा खसाखसा घासायला लागली. "अगं आई, काय करतेस?" "रंग जातो का बघते." मी ओशाळून त्याला जर्मनमध्ये तेच सांगितलं. तो तडक त्याच्या खोलीत गेला. मला वाटलं, दुखावला. पण तो आला तो एक जाड ठोकळा घेऊन. मुळातच वेगवेगळ्या रंगांची लाकडं एकमेकांना चिकटवून केलेला, वरपासून खालपर्यंत तीच नक्षी. "रंग लावलेलाच नाही," तो म्हणाला, "कुठंही कापा, आत हेच." मी ते मराठीत सांगितल्यावर आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. आता तो जपानमध्ये, मी स्टुटगार्टला. दर दिवाळीला मी फोन केला की आई म्हणते, "तुझ्याआधी त्याचा आला होता. रंग पक्का निघाला हो."