काळा पडदा

बाबा खाणीवरून निवृत्त झाले आणि हातातल्या गेमच्या यंत्रावर दिवसभर विटा रचत बसू लागले. त्याचा पडदा फुटला, तसे ते स्वयंपाकघरात येऊन आईला फोडणी कशी द्यायची ते शिकवू लागले. आईने मला दोन दिवसांची मुदत दिली. मी व्हिडिओ बघून नवा पडदा बसवला. तो काळाच राहिला.

डिचोलीच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याने यंत्र चालू करून कानाला लावलं आणि डॉक्टरासारखा माझ्याकडेच बघत राहिला.

"आवाज येता. म्हणजे जिवंत आसा," तो म्हणाला. "कोणी उघडल्यान ह्यां?"

"होता एक मेकॅनिक," मी म्हणालो.

त्याने यंत्र उघडलं. पडद्याची पातळ पट्टी खाचेत होती, पण तिच्यावरची इवलीशी कडी मिटायची राहिली होती. त्याने ती नखाने दाबली आणि पडदा उजळला. इतकी हलकी बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाहीत.

मग मान वर न करता त्याने हात पुढे केला.

"त्या मेकॅनिकान दोन स्क्रू तुझ्या खिशात ठेवल्यान आसतले. ते दी."

मी काढून दिले.