काट्यांचा कप्पा

माणसाच्या तोंडावर जाऊ नये, त्याच्या चंचीवर जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा चुलत आजा धुळाजी निजामाच्या राज्यात आष्टीकडच्या माळांवर मेंढरं राखायचा. लोक चंचीत पान-तंबाखू ठेवतात, यानं तिच्या कप्प्याकप्प्यांत धास्ती भरलेली. लांडगा आला तर जाळ करायला चकमक, कोकराला लागलं तर हळद, वाट चुकली तर गुळाचा खडा. आणि यातलं काहीच कामाला नाही आलं तर खंडोबाचा भंडारा.

त्याची बायको अंजना नेमकी उलटी. तिच्या कमरेला सुईसुद्धा नसायची. "लागंल तवा बघू," हा तिचा खाक्या. ती नवऱ्याला चिडवायची, "आवो, एवढं वझं घिऊन हिंडताव, लांडगा तुमाला बघूनच हसत आसंल."

तळाचा कप्पा मात्र काट्यांचा होता. वाटेवर टोकदार काही दिसलं की मेंढरांच्या खुरात घुसायच्या आत उचलायचं, हे आमच्यात पोराला चालायला आलं की शिकवतात. बाकीचे धनगर काटा कुंपणात खुपसून मोकळे होत. धुळाजीला तेवढ्यानं चैन पडायचं नाही. वाऱ्यानं परत वाटेवर आला तर? म्हणून तो सगळं चंचीत घालून घरी आणी, काटे चुलीत टाकी आणि खिळे लोहाराला देई.

एका बाजाराच्या दिवशी दोघं कळप घेऊन करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आले, तर जवान एकेकाची झडती घेत होते. आदल्या दिवशी त्याच वाटेवर एका कापडाच्या व्यापाऱ्याला लुटून बेदम मारलं होतं. तो बेशुद्ध पडून होता. जवानानं धुळाजीची चंची चाचपली, तळाच्या कप्प्यात दोन बोटं घातली आणि शेणा-धुळीनं माखलेली एक टोकदार काडी बाहेर काढली. बाहीला पुसली तर चांदी! व्यापाऱ्याचं दातकोरणं होतं ते. त्याच्या गळ्यातल्या साखळीत साऱ्या पेठेनं ते पाहिलेलं.

धुळाजीला चावडीत नेऊन पोलिसांच्या अमीनसाहेबापुढं उभं केलं.

"ये तेरा है?"

"व्हय, सायेब."

"चोरी का है?"

"व्हय, सायेब."

भित्र्या माणसाला वाटतं, हो म्हटलं की समोरचा शांत होतो. हे सांगताना मला आजही त्याचा संताप येतो. व्यापारी मेला तर तुला फाशी, असं अमीनानं सांगितलं. त्यालाही हा म्हणाला, "व्हय, सायेब."

दारात अडवलेली अंजना ते ऐकून गारठली. जन्मात पहिल्यांदा ती भ्याली. जवानाच्या हाताखालून वाकून ती आत घुसली.

"सायेब, ही काडी कंच्या कप्प्यात गावली?"

"काट्यांच्या," जवानच बोलून गेला.

"मग? चोर चांदी काट्यात टाकंल का? ह्येंला ठावं असतं तर भंडाऱ्यापाशी ठिवली असती. ह्यो मानूस वाटंवरचं काटं येचतो, सायेब. हात घालून बघा."

अमीनानं हात घातला आणि शिवी हासडून बाहेर काढला. बाभळीचा काटा बोटात मोडला होता. मग त्यानं कप्पा मेजावर उपडा केला: काटे, नालाचे खिळे, फुटक्या बांगडीचा तुकडा. बोट चोखत त्यानं एकेक काटा उलटून बघितला. शेवटी, व्यापारी शुद्धीवर येईपर्यंत गाव सोडायचं नाही, या बोलीवर त्यानं धुळाजीला सोडलं. धुळाजी चंची तिथंच टाकून जो पळाला, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पुढं व्यापारी शुद्धीवर आला आणि त्यानं भलत्याच माणसांची नावं सांगितली.

पण भीती काही सुटेना. धुळाजी आता कळपापुढं रिकाम्या कमरेनं चाले, नजर वर ठेवून. एके सकाळी तरी वाटेत खिळा दिसलाच. त्याचा हात सवयीनं खाली गेला आणि पोळल्यासारखा मागं आला. मग तो खिळ्याला आडवा उभा राहिला, हात पाठीशी घट्ट धरून, आणि हाळ्या देत मेंढरं दोन्ही बाजूंनी काढू लागला.

"अंजना, म्या हात लावला न्हाई. तू बघतीस न्हवं? म्या हात लावला न्हाई."

अंजनानं या खेपेला चिडवलं नाही. तिनं वाकून खिळा उचलला, कमरेला खोचलेली, चावडीत टाकून आलेली त्याचीच चंची काढली आणि तळाच्या कप्प्यात टाकला.