पूजा झाली, आता चालवा

कडोदऱ्याच्या साड्यांच्या कारखान्यात हेमराजनं बावीस वर्षं जेकार्डचे, म्हणजे नक्षीच्या मागाचे, पत्ते कापले. साडीवर कोयरी असो की मोर, नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरायची आणि मग हेमराज तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत भोकं पाडायचा. भोक तिथं धागा वर, कोरं तिथं धागा खाली. माणूस अमळनेरकडचा, दहावी नापास, पण पत्त्यांवरून नुसता हात फिरवून सांगायचा, "मोर आहे, मान जरा वाकडी झालीय."

मग शेठनं कॉम्प्युटरवरचं जेकार्ड आणलं. हेमराजलाच आधी खुर्चीत बसवलं. पण माऊस हातात धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळे. तिसऱ्या दिवशी तो आपणहून उठला. त्या जागी रश्मी नावाची मुलगी आली, शाळेतच कॉम्प्युटर शिकलेली. मोराची मान कशी वळवायची ते ती हेमराजलाच विचारी. पण खुर्ची तिची झाली. हेमराज आता सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, ओढतो. त्यानं ते दुःख कुणापाशी उगाळलं नाही. एवढंच ठरवलं, की आठवीतल्या आपल्या मुलीवर, कवितावर, ही पाळी येऊ द्यायची नाही.

आणि डिंडोलीतल्या तिच्या शाळेत दहा कॉम्प्युटर कुलपात! एका संस्थेनं दिलेले. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका सुषमाबाई, मायाळू आणि देवभोळ्या, पण "काही मोडलं तर कोण निस्तरणार?" या धाकानं वर्षभर खोली बंद. शेवटी संस्थेचं पत्र आलं: दिवाळीपर्यंत वापर सुरू झाला नाही, तर संच दुसऱ्या शाळेला जातील.

दसऱ्याला शाळेत सरस्वतीपूजन होतं, पालकांनाही बोलावणं. निघताना कविताच्या आईनं, उज्ज्वलानं, हेमराजला बजावलं, "शाळामा जाईसन भांडू नका, सांगी ठेवस!"

"मी कधी भांडलो?"

"पोरगीच्या बारशाला!"

शाळेत त्या दिवशी खोली उघडली होती. दहाही यंत्रांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. बाईंनी मनोभावे कीबोर्डांवर अक्षता वाहिल्या. आरती झाली, पेढे वाटले, आणि बाई यंत्रांवर पुन्हा चादरी ओढू लागल्या.

"बाई, हे काय?" हेमराज पुढं झाला.

"झाली ना पूजा."

"चालवलं कुठं? आमच्याकडं मागाची पूजा झाली की वीतभर तरी कापड विणतात. पूजून बंद ठेवलं तर शेठची म्हातारी आई काठी घेऊन येते."

"तो कारखाना, हेमराजभाऊ. ही शाळा आहे."

"मग पाटीपूजन झाल्यावर पाट्याही कुलपात ठेवता का?"

मागं उभ्या बायका पदराआड हसल्या. बाईंनी क्षणभर देवीच्या तसबिरीकडं पाहिलं आणि एक बटण दाबलं. पडदा उजळला. कविता खुर्चीत बसली. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तीच काढायला तिनं एक दाबला. काही उमटेना. पुन्हा दाबला. बटण खाली जाईचना.

"तांदूळ अडकला! बघा, म्हणूनच मी—" बाईंचा चेहरा उतरला.

हेमराजनं कीबोर्ड उपडा करून थोपटला. टपटप अक्षता गळल्या. राहिलेला दाणा त्यानं खिशातल्या फणीच्या दातानं काढला. "मागात रोज सुताचा कचरा अडकतो, बाई. म्हणून माग कुणी बंद ठेवत नाही. फक्त अक्षता तसबिरीला वाहा, बटणांना नको."

आता आकडे भराभर उमटले, पण देवी एका बाजूला झुकली. कविता रडवेली झाली.

"थांब," हेमराज वाकून म्हणाला. "तिसऱ्या ओळीत दोन घरं कोरी सोड. आता पाच आकडे. परत एक कोरं." ओळीमागून ओळ तो सांगत गेला, ती दाबत गेली. सरस्वती सरळ झाली.

"तुम्हाला हे कसं येतं हो?" बाईंनी विचारलं.

"हे मला येत नाही. मला चौकट वाचता येते. बटणं हिला येऊ द्या, म्हणजे दोन्ही हिच्याकडं राहतील."

बाईंनी यंत्रावरून काढलेली चादर घडी केली. मग म्हणाल्या, "आठवीला आठवड्याला एक तास."

"पाच द्या."

"भाजी घेताय का भाऊ?"

"बाई, तीन!" कविता मधेच म्हणाली.

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावरच्या वेळापत्रकात तीन ठिकाणी 'कॉम्प्युटर' लिहिलं. "पण सोमवारी सगळी बटणं चालली पाहिजेत," त्या म्हणाल्या. तेव्हा उरलेल्या नऊ कीबोर्डांतले तांदूळ काढायला हेमराज फणी घेऊन खाली बैठक मारून बसला.