हळूकाकांच्या गॅरेजमधले कोळी

अमेरिकेत रेडमंडमध्ये मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, ते काका दारावरची बेल वाजली की आधी टीव्ही बंद करायचे, मग दिवा, आणि घरात कोणी नसल्यासारखे सोफ्यावर बसून राहायचे. बाहेर बहुतेक वेळा पार्सलवाला असायचा. तो खोकं ठेवून गल्लीच्या टोकाला वळला की काका पडद्याच्या फटीतून बघून म्हणायचे, "गेला." अमेरिकेचे नागरिक होऊन त्यांना एक जमाना लोटला होता, तरी किराणा आणायला जाताना खिशात पासपोर्टची झेरॉक्स असे. सिग्नल लाल असतानाही इथे थांबून, बघून उजवीकडे वळता येतं. काका वळत नसत. मागचे हॉर्न वाजवत आणि काका घामाघूम होऊन हिरव्याची वाट बघत.

त्यांचा लाडका शब्द 'हळू'. पुण्याच्या बहिणीशी फोनवर लोणच्याच्या मसाल्याबद्दल बोलतानाही आवाज असा, की जणू बँक लुटायचा बेत चालला आहे. इथल्या मराठी मंडळातली पोरं त्यांना हळूकाकाच म्हणत. शैलाकाकूंचं अगदी उलट. त्या हसल्या की शेजारच्या गोऱ्या आजीही खिडकीतून हसायच्या. "यांना स्वप्न पडलं तरी आधी विचारतील, परमिशन आहे का!" असं त्या काकांसमोरच सांगायच्या, आणि काका म्हणायचे, "हळू गं."

काकूंना कॅन्सर झाला तेव्हा हसणं राहिलं, जेवण गेलं. केमोनंतर फोडणीचा वास आला तरी उलटी व्हायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी सुचवलं, गांजाने भूक लागते, मळमळ थांबते, बघा घेऊन. आमच्या राज्यात त्याची उघड दुकानं आहेत. काका एका दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरलेसुद्धा. पण शेजारच्या किराणा दुकानाबाहेर मंडळाच्या अध्यक्षांची गाडी दिसली आणि ते न थांबता घरी परतले. डॉक्टरांच्या पत्रावर घरी थोडी झाडं लावायला राज्याची परवानगी होती. कॅन्सरच्या सपोर्ट ग्रुपमधल्या एका आजोबांनी रोपं दिली. दुकानात शिरायला घाबरणाऱ्या माणसाने अशा रीतीने स्वतःच्या घरात गांजा लावला.

गॅरेजमागच्या खोलीत दिवे लावून त्यांनी झाडं वाढवली. देवाची तसबीर लावावी तसं डॉक्टरांचं पत्र वर भिंतीला चिकटवलं होतं. फुलं ते तुपात मुरवायचे आणि ते तूप मऊभातावर थेंबभर घालायचे. पहिल्यांदा काकूंनी वाटीभर भात संपवला, त्या दिवशी काका सिंकपाशी पाठमोरे उभे राहून रडले. तेही हळूच.

आता माझ्या भीतीचं सांगते. माझं ग्रीन कार्ड रखडलेलं होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं, "राज्याचा कायदा काहीही म्हणू दे, देशाचा वेगळा आहे. त्या झाडाच्या जवळपासही जायचं नाही." त्या खोलीवरून जाताना मी श्वास रोखायचे. ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणी नाक वर केलं तरी मला वाटायचं, जॅकेटला वास येत असेल का?

डिसेंबरमधल्या एका सकाळी काका माझ्या दाराशी आले. हातात टिश्यूमध्ये गुंडाळलेलं पान.

"तू अकोल्याची ना? शेतीचं घर. हे काय झालंय, बघ ना."

पानावर फिकट पिवळे ठिपके होते, टाचणीने टोचल्यासारखे. मी पांढरा कागद घेतला आणि पान त्यावर झटकलं. कागदावर बारीक धूळ पडली. आम्ही दोघं वाकून बघत होतो, आणि ती धूळ चालायला लागली.

"लाल कोळी," मी म्हटलं. "आमच्या वांग्यांवर उन्हाळ्यात पडतो तोच."

काका मागे सरकले. "तूप संपत आलंय गं," ते म्हणाले. "झाडं आत्ता कुठे फुलावर आलीत. ही गेली तर शैला काय खाईल?"

वकीलबाईंचं सगळं मला आठवत होतं. तरी मी खाली गेले. शेंड्यांवर रेशमासारखी जाळी धरली होती. काकांनी कडुलिंबाच्या तेलाची बाटली उचलली. "काका, हे काकूंच्या पोटात जाणार आहे," मी म्हटलं, तशी त्यांनी ती विस्तव हातात आल्यासारखी खाली ठेवली. मग उरलं पाणी आणि ओलं फडकं. रोज ऑफिसआधी मी पान उलटं धरायचे आणि ते खालची बाजू पुसायचे, बाळाचं तोंड पुसावं इतक्या हलक्या हाताने. कोळ्यांना खाणारे दुसरे किडे विकत मिळतात, ते मागवू या म्हटलं तर काकांचा चेहराच उतरला. "खोक्यावर काय लिहिलेलं असेल? पोस्टमन वाचेल ना."

कोळी आले होते मोगऱ्यावरून. थंडीत मरू नये म्हणून काकूंचा मोगरा काकांनी त्याच दिव्यांखाली आणून ठेवला होता. मी म्हटलं, खोलीतलं बाकीचं सगळं बाहेर काढा. मोगरा खोलीबाहेर गेला. तरी आज पुसलेल्या पानावर परवा पुन्हा ठिपके. आमचं काय चुकतंय तेच कळेना, आणि इकडे तूप संपून काकूंचं ताट जसंच्या तसं परत यायला लागलं.

चूक कळली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. काकूंनी हट्टच धरला होता. डोक्याला रेशमी स्कार्फ बांधून त्या खुर्चीत बसल्या. बायका साडीवर जाड जॅकेटं चढवून आल्या. आणि वाण म्हणून काका गॅरेजमधून ट्रे घेऊन आले: तुळशीची रोपं. काकू दर वर्षी तेच वाण द्यायच्या. निशा नावाच्या मैत्रिणीच्या हातातलं रोप मी सहज उलटं करून पाहिलं. पानांखाली जाळी.

मी काकांना कोपऱ्यात ओढलं. "ही कुठे होती?"

"वरच्या फळीवर. कापड टाकून." ते काकूंकडे बघत होते. "तुळस कशी फेकायची गं? ती आजारी असताना?"

एवढे दिवस आम्ही खाली पुसत होतो आणि वरून तुळस नवे कोळी पुरवत होती! आता ते कोळी घरोघरी जाणार होते. काका बायकांसमोर गेले. "ही रोपं नेऊ नका. कीड आहे."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "अहो, सवाष्णीला दिलेलं वाण परत घ्यायचं?" त्या एवढ्या घाबरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"काकू, रिलॅक्स, मी स्प्रे करीन ना," निशा उठली. "पण आली कुठून एवढी? गॅरेजमधून? मला बघू दे, माझ्याकडेही झालं होतं सेम." ती दाराकडे निघालीच.

काका दाराला पाठ लावून उभे राहिले. मला वाटलं, आता कोसळतात. पण त्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आत शैलाचं औषध आहे. गांजाची झाडं. मी लावलीत. या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तिला काही माहीत नाही."

मग निशा म्हणाली, "मी हे रोप इथेच ठेवते, काका. वाण मला पोचलं." तिने काकूंना वाकून नमस्कार केला. दोघी-तिघी मात्र तिळगूळ हातात घेऊन घाईघाईने निघाल्या. त्यांचे नवरेही व्हिसावर होते. मी त्यांना दोष देत नाही, मलाही पळावंसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या खोलीत आले. "सामान बांध. आता चारचौघांना माहीत झालंय. तुझ्यावर काही यायला नको." त्यांनी माझ्यासाठी खोलीही शोधून ठेवली होती, रात्रीच फोन करून, अनोळखी माणसांशी बोलून. माझ्या बॅगा त्यांनीच गाडीत ठेवल्या. काकू सोफ्यावरून म्हणाल्या, "जा गं. आणि नीट जेवत जा." मी गाडीत बसून रडले. सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत काकांचा फोन यायचा. तुळस त्यांनी नमस्कार करून मागच्या अंगणात पुरली. किडेखाऊ किडे मागवले. "पोस्टमनला म्हटलं, जिवंत आहेत, सांभाळून आणा!" अर्धी झाडं गेली, अर्धी वाचली. "आज अर्धी वाटी भात खाल्ला," ते सांगायचे. कधी "दोन घास." कधी "आज पापड मागितला बघ!" एवढंच बोलून फोन ठेवायचे. ऑफिसात मी त्या फोनची वाट बघायचे, आणि तो वाजला की उचलायला भ्यायचे.

मार्चमध्ये एकदा फोन आला आणि काका जेवणाचं काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

"येतेस का गं," ते म्हणाले, "मला घरात एकट्याला भीती वाटते."

मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून निघाले.