बांधाखालची भेग

आमचे हे गावी, असोद्याला जाताना घरून पाण्याची बाटली नेतात. सख्ख्या भावाच्या मळ्यात पाण्याचा थेंब तोंडात घालत नाहीत. लोक म्हणतात, शालिग्राम प्रोफेसर झाला, जळगावचा झाला, शिंगं फुटली त्याला. म्हणोत बापडे. गर्व असता तर मी दोन शब्द सुनावून केव्हाच उतरवला असता. ह्यांचं मन खातं ह्यांना, त्यावर माझं काही चालत नाही.

गोष्ट कॉलेजात कंप्युटर आला तेव्हाची, चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची. खोलीबाहेर चपला काढून आत जायचं, देवळात जावं तसं. ह्यांचा विषय दगड. परदेशात म्हणे जमिनीखाली पाटीसारखा थराथरांचा खडक असतो. त्याच्या भेगांतून वायू कसा वाहील याचं गणित कंप्युटरवर मांडतात. ह्यांनी वायूच्या जागी पाणी घातलं आणि त्या खडकाच्या जागी आपला काळा पाषाण. जेवताना पापडाला चिरा पाडून मला समजवायचे. मी म्हणायची, आधी तो खा, निवतोय.

शेती धाकटे दीर भटूभाऊजी बघायचे. केळीला पाणी कमी पडायला लागलं तसं त्यांनी विहिरीत आडवं बोअर मारायचं ठरवलं. आमच्याकडे तशीच रीत आहे, विहिरीच्या तळाशी उतरून भिंतीत आडवं घुसायचं, भेग लागली की धार सुटते. कुठल्या अंगाला मारायचं एवढंच कंप्युटरला विचारायचं होतं. ह्यांनी विहीर मांडली, भेगा मांडल्या, आणि भोवती हद्द घातली. हद्दीपलीकडून काही येत नाही, पलीकडे काही जात नाही, असं धरावं लागतं म्हणे. आणि हद्द कोणती घातली? आपल्या शेताचा बांध! शेतकऱ्याचंच पोर ना. आमच्या घराने कधी कुणाचा वीतभर बांध कोरला नाही, याचा ह्यांना भारी अभिमान.

गणिताने पूर्वेची भिंत सांगितली. तिथे मनगटाएवढी धार लागली. पेढे वाटले. बांधापलीकडच्या भिकुबाईकाकूही आल्या. ह्यांची चुलत चुलती. नवरा नाही, मूल नाही, लहानपणी ह्यांना मांडीवर घेऊन भरवलेलं. पंपाच्या धारेखाली हात धरून म्हणाल्या, "शालिक, तुह्या शिक्षनाचं सोनं झालं रे बाबा."

महिन्याभरात काकूंची विहीर आटली. त्यांची केळी निसवायला आलेली, घड बाहेर पडायची वेळ. एसटीने आमच्या घरी आल्या, पदराखाली केळ्यांची फणी. "मी बी आडवं बोअर मारते, पन तू सांगशील त्याच बाजूले. इचार तुह्या कंपुटरले, माह्यं पानी कुठी गेलं."

ह्यांनी बांधाची हद्द काढून टाकली, काकूंचं शेत आत घेतलं आणि गणित पुन्हा चालवलं. घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. भेग बांधाखालून थेट काकूंच्या विहिरीकडे गेली होती. आमची धार म्हणजे त्यांचंच पाणी.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा," मी म्हटलं, "आणि त्या बोअरला खुंटी ठोकून धार बंद करा." गेले, पण आधी भावाकडे. भटूभाऊजी म्हणाले, "दादा, म्या बांध कोरला का कोनाचा? माह्या इहिरीत आलं ते माह्यं. खुंटी मारली तं माह्यी केयी तू जगवशीन का?" हे उठून निघाले. परतताना बांधावर काकू भेटल्या. गणित लागलं का, म्हणून विचारलं. ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "अजून चालू आहे, काकू."

किती भांडले मी! मीच सांगायला निघाले तर शपथ घातली, "माझं पाप मीच सांगीन." आज सांगतो, उद्या सांगतो. तिकडे काकूंनी दारात आलेला बोअरवाला परत पाठवला, शालिक सांगेल तेव्हाच मारू म्हणून. चैत्रात बाग उभी जळाली. शेत विकावं लागलं, आणि घेतलं कोणी, तर भटूभाऊजींनीच. बांध मोडून दोन्ही रानं एक केली. ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घे दादा, बांधच नाही राह्यला. आता तुह्यं गणित बरोबर." समोर आलेला पाण्याचा तांब्या ह्यांनी तसाच परत केला. त्या दिवसापासून ती बाटली.

परवा गेलो तेव्हा काकू त्याच मळ्यात मजुरीने केळीची पिलं, बुंध्याशी फुटलेले कोंब, कापत होत्या. ह्यांना पाहून विळा खाली ठेवला, लगबगीने तांब्या भरून आणला. हे तो हातात धरून उभे.

"शालिक, लागलं का रे ते गणित?"

आता सांगतील, म्हणून मी पदर दातात धरला.

"अजून चालू आहे, काकू."

"कर सावकास," काकू म्हणाल्या. "घाईत चुकीचं नको सांगू बाबा कोनाले."